रोजच्या जगण्यात विश्वासाचे धडे: तुम्हाला ते कुठे आणि कसे दिसतात?

मोहरी:

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, म्हणून धागा काढतेय. ख्रिस्ती विश्वासाबद्दल आहे, पण वाचणारा कुणीही असो, लिहायला हरकत नाही.

शुभवर्तमान (बायबलमधली येशूच्या जीवनाची चार पुस्तकं: मत्तय, मार्क, लूक, योहान) वाचताना हल्ली एक गोष्ट सारखी जाणवते. येशू आधी बघतो, मग बोलतो. लूकच्या १४ व्या अध्यायात तो एका परूश्याच्या (धर्मनियम कडकपणे पाळणाऱ्या यहूद्याच्या) घरी जेवायला गेलाय. आमंत्रित मंडळी पुढच्या मानाच्या जागा कशा पटकावतायत हे त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्यावरूनच तो दाखला देतो. मार्कच्या १२ व्या अध्यायात तर तो मंदिराच्या भांडारासमोर चक्क बसतो आणि लोक पैसे कसे टाकतात ते पाहत राहतो. गर्दीत एक गरीब विधवा दोन टोल्या (अगदी क्षुल्लक किमतीची नाणी) टाकून जाते. एवढ्या लोकांत तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं असतं? शिष्यांचंही गेलं नव्हतं, म्हणून तर त्यांना हाक मारून जवळ बोलवावं लागलं.

जुन्या कपड्याला लावलेलं नव्या कापडाचं ठिगळ, तीन मापं पिठात कालवलेलं खमीर, एका नाण्यासाठी दिवा लावून सगळं घर झाडणारी बाई, "आम्ही पावा वाजवला तरी तुम्ही नाचला नाहीत" अशी तक्रार करणारी बाजारातली मुलं. वर्षानुवर्षं माणसांत राहून, हाताने काम करून ज्याने हे पाहिलं, त्यालाच ते असं सांगता येईल.

आपलं बरेचदा उलट होतं. धडा आधीच ठरलेला असतो आणि मग त्याला एखादा प्रसंग चिकटवला जातो. मोबाईलची बॅटरी संपली, तशी प्रार्थनेवाचून आपली शक्ती संपते. यात खोटं काही नाही, पण हे सांगायला बॅटरीकडे बघायचीही गरज पडत नाही. आधीच माहीत असलेलंच आपण पुन्हा ऐकतो.

म्हणून विचारतेय. एखाद्या साध्या गोष्टीने तुम्हाला खरोखर काही नवं दाखवलंय का? आणि ते देवाकडून आहे की आपल्याच मनाचं आहे, हे तुम्ही कसं पारखता?

कंदील:

छान धागा. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात "मुंगीकडे जा" हे सहाव्या अध्यायातलं सगळ्यांना पाठ असतं. मला मात्र २४ व्या अध्यायाचा शेवट जास्त आवडतो. लिहिणारा एका आळशी माणसाच्या शेतावरून आणि द्राक्षमळ्याजवळून जातोय. सगळीकडे काटे माजलेत, जमीन रानगवताने झाकून गेलीय, दगडी कुंपण ढासळलंय. इतकं सगळं सांगून झाल्यावर तो म्हणतो की मी हे पाहिलं, त्यावर विचार केला आणि त्यातून शिकलो. काटे आणि कुंपण आधी येतात, बोध नंतर.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायातही तसंच. देव त्याला म्हणतो, कुंभाराच्या घरी जा, तिथे तुला माझं वचन ऐकवीन. तोच निरोप बसल्या जागी देता आला असता. पण यिर्मयाला तिथवर चालत जावं लागलं, चाक फिरताना बघावं लागलं, हातातलं मडकं बिघडलेलं आणि कुंभाराने त्याच मातीचं दुसरं भांडं घडवलेलं पाहावं लागलं. निरोप आला तो त्यानंतर.

उंबरठा:

मी सहसा नुसती वाचते, पण हे लिहावंसं वाटलं.

माझे वडील आता बरंच विसरतात. रात्री अंथरुणावर पडले की विचारतात, "दार लावलंस का?" मी म्हणते, "लावलं, बाबा." थोड्या वेळाने पुन्हा तेच. सुरुवातीला मी त्यांना उठवून दाराशी न्यायचे, कडी दाखवायचे, त्यांचा हात कडीवर ठेवायचे. कडी बघितल्यावर तरी विचारायचं थांबतील असं वाटायचं. अंथरुणाकडे परत येता येताच प्रश्न पुन्हा यायचा.

मग एकदा लक्षात आलं की मी "लावलं" म्हटलं की त्यांचे खांदे सैल पडतात. कडी बघून तसं होत नाही. दाराची माहिती त्यांना नकोच आहे. घरात कुणीतरी जागं आहे आणि ते आपलं आहे, एवढं त्यांना ऐकायचं असतं.

मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की प्रार्थनेत व्यर्थ बडबड करू नका. हे वाचून मला नेहमी अवघडल्यासारखं व्हायचं, कारण माझी प्रार्थना म्हणजे तेच ते मागणं. पण अटकेच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत तो स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो असं मत्तयच्या २६ व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. त्या दोन अध्यायांमधलं अंतर मला बाबांच्या प्रश्नाने समजलं. फार बोललं की देव ऐकेल, असं समजून जे बोललं जातं ती बडबड. आणि बाप ऐकतोय हे माहीत असूनही त्याचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो, म्हणून जे विचारलं जातं ते वेगळं.

टाचणी:

उंबरठा ताई, हे फार आतून आलंय. खांदे सैल पडणं तुम्ही पाहिलंत म्हणून पुढचं सगळं उमगलं.

वाटसरू:

सगळे छान लिहिताय. माझं थोडं पुढचं म्हणणं आहे. विश्वास ठेवणाऱ्याला योगायोग असं काही नसतंच. गाडी चुकली, पाऊस आला, अनोळखी माणूस भेटला, प्रत्येक गोष्टीतून देव बोलतोय. मत्तयच्या दहाव्या अध्यायात आहेच की, एक चिमणीसुद्धा पित्यावाचून जमिनीवर पडत नाही. मग प्रत्येक घटनेला विचारायला काय हरकत आहे, "प्रभू, यातून तुला मला काय सांगायचंय?"

कंदील:

वाटसरू, विचारायला हरकत काहीच नाही. अडचण येते ती उत्तर आपणच घाईने देऊन मोकळं होण्यात.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा २८ वा अध्याय बघा, त्यात प्रेषित पौलाचा प्रवास आहे. जहाज फुटलंय, सगळे कसेबसे मिलिता बेटावर पोहोचलेत, पाऊस आणि थंडी आहे. बेटावरचे लोक शेकोटी पेटवून मोठ्या ममतेने त्यांचं स्वागत करतात. पौल काटक्या गोळा करून विस्तवात टाकतो आणि उष्णतेने बाहेर आलेला साप त्याच्या हाताला विळखा घालतो. लोक लगेच म्हणतात, हा नक्की खुनी असणार, समुद्रातून वाचला तरी न्याय त्याला जगू देत नाही. पौल साप विस्तवात झटकून टाकतो. तो सुजेल, मरून पडेल म्हणून ते बराच वेळ वाट बघतात. काही होत नाही. मग तेच लोक म्हणतात, हा देव आहे!

घटना एकच, अर्थ दोन, आणि दोन्ही साफ चुकीचे. बरं, ती माणसं वाईट नव्हती, त्या प्रसंगात त्यांच्याइतकं प्रेमाने कोणीच वागलं नाही. मला त्या सगळ्यात धडा दिसतो तो पौलाच्या काटक्यांत. वादळात तोच सगळ्यांना धीर देत होता, आणि किनाऱ्यावर पोहोचताच सरपण वेचायला लागला. त्यात अर्थ लावायला फारसं काही नाही, समोर करायचं काम आहे.

देव प्रत्येक गोष्ट जाणतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण प्रत्येक गोष्टीवर माझ्यासाठी चिठ्ठी लिहिलेली असते आणि ती मला वाचता येते, असं शास्त्र कुठे म्हणत नाही.

ओंजळ:

इथे लिहू की नको, असं बराच वेळ चाललं होतं.

आमचं बाळ गेलं. त्यानंतर जे लोक भेटायला आले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे धडा तयार होता. देवाला आपल्या बागेसाठी फूल हवं होतं. तुमच्या विश्वासाची पारख होतेय. यातून तुम्ही इतरांचं सांत्वन करायला शिकाल. एकीने तर माझ्यासमोर दुसरीला सांगितलं की ह्यांच्याकडे बघून मला माझ्या मुलांची किंमत कळली. माझं बाळ तिच्या शिकवणीसाठी गेलं होतं का?

मला देवाचा राग आला नाही. त्या धड्यांचा आला. आणि त्या दिवसांत लूकच्या १३ व्या अध्यायाने मला धरून ठेवलं. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, त्यांच्याबद्दल येशू बोलतो. यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ती जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? नाही, मी सांगतो. त्या "नाही" साठी मी त्याची किती ऋणी आहे ते मला शब्दांत सांगता येणार नाही. पुढे तो पश्चात्तापाचं बोलतो, पण ते समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांना उद्देशून. मेलेल्या १८ जणांचा तो कुणासाठीही दाखला करत नाही.

सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सुरुवातीला बरोबर होते. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्द काढला नाही. तोंड उघडलं तिथून बिघडलं, आणि शेवटी ४२ व्या अध्यायात देव त्यांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत.

रोजच्या प्रसंगांत जरूर शोधा. पण दुसऱ्याच्या दुःखातून स्वतःसाठी धडा काढायला जाऊ नका, एवढंच सांगायचं होतं.

वाटसरू:

ओंजळ ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. तुमचं वाचून मी मत्तयचा दहावा अध्याय उघडून ते वचन पुन्हा शांतपणे वाचलं. चिमणी का पडली, हे त्यात कुठेच नाही. ती पडली तेव्हा पिता तिथे होता, इतकंच आहे. त्यापुढे येशू कारण सांगत नाही, भिऊ नका म्हणतो. इतकी वर्षं पाठ असलेलं वचन, आणि त्यातलं हे न सांगितलेलं कारण आज पहिल्यांदा लक्षात आलं.

रात्रपाळी:

मी परिचारिका आहे, रात्री काम करते. ओंजळ ताईंच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन.

शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना बरेचदा पाणी पाजता येत नाही, गिळताना ठसका लागतो. तोंड मात्र कोरडं पडतं, ओठांना भेगा पडतात. आम्ही बोळा पाण्यात भिजवतो, नीट पिळून घेतो, कारण थेंब घशात जाता कामा नये, आणि आधी खालच्या ओठावरून, मग वरच्या, मग गालाच्या आतून हलकेच फिरवतो. काही जण तो बोळा ओठांत धरून ठेवतात. सोडत नाहीत. तिथे घाई करून चालत नाही.

योहानच्या १९ व्या अध्यायात "मला तहान लागली आहे" हे शब्द आहेत. ते मी लहानपणापासून ऐकत आले. आंब (आंबट द्राक्षारस) भरलेला बोळा त्याच्या तोंडाला लावला, हेही ऐकलं होतं. पण तहानलेल्या माणसाच्या ओठांना भिजवलेलं काहीतरी लागलं की काय होतं, हे हाताने कळल्यावर ते वचन माझ्यासाठी वधस्तंभावरच्या एका खऱ्या, कोरड्या पडलेल्या तोंडाचं झालं. देव माणूस झाला असं आपण म्हणतो, ते इतकं माणूस.

पण माझा रुग्ण मला हे शिकवायला आजारी पडला, असं मी कधीही म्हणणार नाही. मला जे दिसलं ते त्याची सेवा करताना दिसलं. मत्तयच्या २५ व्या अध्यायातल्या लोकांनाही आपण राजाला पाणी देतोय हे ठाऊक नव्हतं, ते विचारतात, प्रभू, तू केव्हा तहानलेला होतास? त्यांनी तहानलेला माणूस बघितला आणि पाणी दिलं. येशूला शोधत हिंडले असते तर कदाचित तो माणूस राहून गेला असता.

योहानच्या नवव्या अध्यायातही शिष्यांना जन्मांध माणसाचं कारण हवं असतं, कुणी पाप केलं, याने की आईबापांनी. येशू ते नाकारतो, देवाच्या कामांविषयी दोन वाक्यं बोलतो आणि खाली वाकून माती कालवायला घेतो.

साधीवाट:

रात्रपाळी ताई +१. योहान १९ आता वेगळाच वाचला जाईल.

टाचणी:

मोहरी यांनी "कसे" असंही विचारलंय, त्याबद्दल लिहितो. पूर्वीच्या मंडळींकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाची झडती घ्यायची एक पद्धत घालून दिली. आधी मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार, मग स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून कृपा मागायची, मग उठल्यापासूनचे तास एकेक करून आठवायचे, चुकलं तिथे क्षमा मागायची आणि पुढचा निश्चय करायचा. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आभार आधी. दिवस चाळायला घेतला की आपण सरळ चुकांकडेच धावतो, ते यात होत नाही. आणि तासातासाने आठवायचं म्हटलं की जिन्यात कुणी काय बोललं, तेव्हा आपला चेहरा कसा झाला, असल्या बारीक गोष्टी वर येतात.

ब्रदर लॉरेन्स सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात होते, १६९१ मध्ये वारले. वयाच्या अठराव्या वर्षी हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड बघून, थोड्या दिवसांनी याला पालवी येईल, मग फुलं, मग फळं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि देवाच्या सामर्थ्याचं जे दर्शन घडलं ते पुढे आयुष्यभर पुसलं गेलं नाही. मात्र यापेक्षाही मला धीर देणारी गोष्ट म्हणजे मठात त्यांना स्वयंपाकघरात काम मिळालं आणि त्यांना त्या कामाची मुळात नावड होती. तरी तिथेच ते देवाच्या सान्निध्यात राहायला शिकले. काम आवडायला लागेपर्यंत थांबले नाहीत.

आणि लिझ्यूची संत तेरेझा, १८७३ ते १८९७, उणंपुरं २४ वर्षांचं आयुष्य. कपडे धुताना समोरच्या बहिणीकडून मळकं पाणी तिच्या तोंडावर उडायचं. मागे सरून तोंड पुसावं म्हणजे त्या बहिणीला कळेल, असं तिला पहिल्यांदा वाटलं. मग तिने ठरवलं की आपण हे आनंदाने घेऊ. तिने यातून कुणासाठी प्रवचन काढलं नाही, ती फक्त तोंड न पुसता कपडे धूत राहिली. १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला चर्चची आचार्य (विश्वासाची थोर शिक्षिका) म्हणून घोषित केलं, ते याच "लहान वाटे"मुळे, म्हणजे लहान गोष्टी प्रेमाने करण्याच्या मार्गामुळे.

मेंढवाडा:

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) आहे, त्यामुळे दर रविवारी उपदेशासाठी उदाहरणं लागतात आणि हा धागा माझ्या फारच जवळचा आहे. पारख कशी करायची, या मोहरीताईंच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर देतो.

प्रसंगातून जे सुचलं ते येशूच्या स्वभावाशी जुळतं का, हे मी सगळ्यात आधी बघतो. एखादं सुटं वचन जुळवता येतं, कशालाही येतं. पण चार शुभवर्तमानं वाचून जो येशू डोळ्यांसमोर उभा राहतो, तो असं म्हणेल का? ओंजळ ताईंना ज्या गोष्टी ऐकाव्या लागल्या त्या इथेच गळून पडतात. बुरुजाखाली सापडलेल्यांवर दोष ठेवायला ज्याने नकार दिला, तो एका आईला असं काही सांगणार नाही.

दुसरं, धडा कुणाला लागू पडतोय? मला सुचलेला प्रत्येक धडा शेजाऱ्याने, सासूने किंवा मंडळीतल्या अमक्याने शिकावा असा निघत असेल तर मी तो बाजूला ठेवतो. दुसऱ्याची बायको बळकावणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाची कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद दुसऱ्या माणसावर भडकला होता. "तो माणूस तूच आहेस" हे ऐकेपर्यंत गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

आणि सांगण्याची घाई नको. घरातल्या माणसांचे, मुलांचे, आजाऱ्यांचे प्रसंग त्यांना विचारल्याशिवाय व्यासपीठावर न्यायचे नाहीत, हे मी कटाक्षाने पाळतो. मुलांनाही विचारतो. मुलगी नाही म्हणाली तर नाही. तिच्याकडून जे शिकलो ते माझ्याजवळ राहतं, तेवढं पुरे.

मार्क ४:३४ मध्ये आहे की येशू दाखल्यावाचून लोकांशी बोलत नसे आणि शिष्यांना मात्र एकांतात सगळं उलगडून सांगे. म्हणजे त्याचे दाखले ऐकून पुष्कळ लोक अर्थ न कळताच घरी गेले. बी पेरणारा माणूस डोक्यात घेऊन झोपले, उठले, स्वतःच्या शेतावर गेले. आपणही एखादा प्रसंग तसाच, अर्थ न काढता, सोबत ठेवू शकतो.

कोरीपाटी:

मला एक विचारायचंय. इथे सगळ्यांना काही ना काही दिसतंय. मला गेले कित्येक महिने काहीच दिसत नाही. शास्त्र वाचते, उपासनेला जाते, कामं उरकते. दिवस नुसता दिवस असतो. मग माझं काहीतरी बिनसलंय असं समजायचं का?

उंबरठा:

कोरीपाटी, अजिबात नाही. मलाही बऱ्याच रात्री फक्त झोप येत असते.

रात्रपाळी:

कोरीपाटी, पहिल्या राजेचा १९ वा अध्याय वाचा. आपण एलीया संदेष्ट्याला ऐकू आलेली देवाची मंद वाणी लक्षात ठेवतो, पण ती नंतरची. आधी तो इतका थकलाय की रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत येऊन त्याला शिवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि तेच म्हणतो, ऊठ, खा, तुला लांबचा पल्ला गाठायचाय. "तू इथे काय करतोस, एलीया?" हा प्रश्न ४० दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर येतो. झुडपाखाली त्याला कुणी काही शिकवलं नाही, काही विचारलंही नाही. जेवू घातलं आणि झोपू दिलं.

तुम्ही नीट झोपताय ना? मनापासून विचारतेय. आणि हे बरेच महिने चाललं असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांशीही बोला. त्यात विश्वासाला कमीपणा काही नाही.

कोरीपाटी:

झोप खरंच नीट होत नाहीये. बोलते डॉक्टरांशी. कुणी हे विचारेल असं वाटलं नव्हतं.

कंदील:

येशूच्या पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर चालणारे दोघे शिष्यही आठवा. येशू बरोबर चालतोय, शास्त्र समजावून सांगतोय आणि त्यांना तो ओळखू येत नाही. भाकर मोडल्यावर ओळखतात, आणि तेव्हा म्हणतात, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत तापत नव्हतं का? वाटेवर मात्र दोघांपैकी कुणीच तसं म्हणालं नव्हतं. म्हणून आज काही दिसलं नाही याचा हिशेब आजच लावू नका.

मोहरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाळक काका, दुसऱ्यांचे प्रसंग विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत, हे आमच्या शब्बाथशाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षण वर्गाच्या) शिक्षकांनाही सांगणार आहे. तिथे मुलांची उदाहरणं त्यांच्यासमोरच दिली जातात आणि ती मान खाली घालून बसतात, हे मी पाहिलंय.

ओंजळ ताई, तुम्ही लिहिलेलं या गप्पांत हरवून जायला नको असं वाटतं. शोकात असलेल्या माणसाजवळ कसं बसावं, काय बोलू नये, कोणती कामं न विचारता उचलावीत, यावर वेगळा धागा हवा. तुम्हाला चालत असेल तरच काढते, आणि तुमच्या प्रतिसादातलं काहीही न विचारता तिकडे नेणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, सवडीने बघा.

ओंजळ:

काढा. पहिला प्रतिसाद मीच देईन. आमच्याकडे कोण कोण आलं, त्यातलं कोण काही न बोलता भांडी घासून गेलं, तिथूनच सुरुवात करेन.